ट्रेबलचं बटण

शनिवार, २ मार्च

तोंडाला कुलूप का नाही घालत मी!

लिहून टाकतो, म्हणजे निदान डोक्यात भणभणायचं थांबेल. गिटारचा ॲम्प गुरुवारी भाऊजींच्या दुकानातून दुरुस्त होऊन आला. घरघर गेली होती, कबूल. पण आवाज? स्पीकरवर कुणी जाड रजई टाकली असावी तसा. आज वाचनालयाच्या मागच्या खोलीत सराव होता. गाणारी सिस्टर हॉस्पिटलातली पाळी संपवून थेट आलेली, ड्रमवर ढोल्या, बेसवर मास्तर, शिवाय ऐकायला वाचनालयातली मंडळी. मोजून अकरा जण. मी तारा छेडल्या आणि डोकं सणकलं. म्हणालो, "भाऊजींनी वाट लावली याची! रेडिओवाल्याकडे ॲम्प द्यायलाच नको होता. कान आहेत का यांना?"

कुणी हसलं नाही. सगळे माझ्या मागे बघत होते. वळलो तर दारात भाऊजी.

ताईचे यजमान. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. माझी पहिली गिटार मोडकी होती, ती यांनीच चिकटवून, तारा चढवून दिली होती. हातात कागदाची पुडी. "जास्तीचा फ्यूज आणला होता," म्हणाले. टेबलावर ठेवला आणि गेले. बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

रविवार, ३ मार्च

ताईला दोनदा फोन केला. उचलला नाही.

बोललो ते वाईट. पण खोटं नव्हतं ना? आवाज मेलाय तो मेलाच आहे.

सोमवार, ४ मार्च

बावीस वर्षं रंध्याच्या मशीनवर काढली. पात्याची धार गेली की मला आवाजावरून कळतं, पातं बघावंही लागत नाही. फोरमन नव्या माणसांना सांगतो — "ह्याचे कान बघा!" कंपनीने कानावर घालायचे पिवळे मफ दिलेत, ते माझ्या खिळ्याला टांगलेले असतात. कान झाकले तर पातं काय सांगतंय ते ऐकणार कसं? तेव्हा मेलेला आवाज मला कुणी शिकवायला नको.

जेवताना ठरवलं. व्हॉल्व्हचा महागडा ॲम्प आपल्याला झेपणारा नाही. आहे त्याच ट्रान्झिस्टरच्या डब्यातून असा आवाज काढतो की ऐकणारा चाट पडेल. भाऊजींच्या नाकावर टिच्चून!

(हे शेवटचं वाक्य खोडायला हवं. राहू दे. असाच आहे मी.)

शुक्रवार, ८ मार्च

आठवडाभर वाचलं, करून पाहिलं. असल्या ॲम्पवर गेन, म्हणजे आत शिरणाऱ्या आवाजाचा जोर, वाढवला की आवाज फाटतो, माशा घोंगावतात तसा. म्हणून गेन अगदी कमी, व्हॉल्यूम जास्त. फाटका आवाज ॲम्पकडे मागायचाच नाही, आधी एक पेडल लावायचं आणि त्यातून हलकासा घ्यायचा. मिड, म्हणजे मधले सूर, मी कायम शून्यावर ठेवायचो, घरात एकट्याला बरं वाटतं म्हणून. चारचौघांत वाजवताना मिडच नसेल तर गिटार ड्रमखाली गडप होते. आता मिड सातवर. ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला — इतकी वर्षं मी माझ्या पोटऱ्यांना गिटार ऐकवत होतो.

एवढं सगळं केलं आणि खरंच फरक पडला. जडपणा आला, गोलाई आली. पण वरची चमक? ती काही येईना. ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचं बटण, दहावर, तरी नाही. मास्तरांकडून ईक्यूचं पेडल आणलंय, एकेक पट्टीचे सूर वेगळे चढवायचं-उतरवायचं; त्यातली वरच्या टोकाची दोन्ही बटणं पूर्ण चढवली. आता जरा जीव आला.

शनिवार, ९ मार्च

पहिल्याच सुरावर सिस्टरने कानावर हात ठेवला. ढोल्या म्हणाला, "दाताचा डॉक्टर आणलास की काय?"

सिस्टर म्हणते, "मागच्या शनिवारी किती गोड लागत होती हो तुमची गिटार." मागच्या शनिवारी! म्हणजे रजई पांघरलेली! मला वाटलं, त्या दिवसाचा टोमणा मारतेय. ट्रेबल तसाच ठेवला.

ताई-भाऊजी एरवी सरावाला येतात. आले नाहीत.

मंगळवार, १२ मार्च

कारखान्यात नामुष्की. फोरमन पलीकडच्या टोकाहून धावत आला, मशीन बंद केलं. "पातं शिट्ट्या मारतंय कधीचं! झोपलास काय?" फळीवर बोटभर रुंद ओरखडे पडलेले. मी काहीच ऐकलं नव्हतं. लक्ष नव्हतं म्हणालो.

लक्ष होतं.

गुरुवार, १४ मार्च

अंगात ताप. काखेत थर्मामीटर धरून बसलो. वाजायची वाट बघतोय, बघतोय. वाजेचना. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, काढा की तो! दोनदा वाजून गप्प झाला."

मी म्हटलं बिघडलाय. तिने स्वतःच्या काखेत धरला, माझ्या शेजारी बसली. आकडा चढत गेला, थांबला. ती म्हणाली, "हा बघा, वाजतोय." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. खोलीत काहीच वाजत नव्हतं.

शुक्रवार, १५ मार्च

बायकोच्या फोनवर कान तपासायचा एक चढत जाणारा सूर मिळाला. दोघं पलंगावर बसलो. सूर चढू लागला. माझ्यासाठी तो अर्ध्या वाटेवरच संपला. ती मात्र मान डोलवत होती — अजून आहे, अजून आहे. किती वेळ डोलवत होती! शेवटी मीच म्हटलं, बंद कर.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे." मग म्हणाली, "तुमच्या कार्यक्रमाला पुढच्या दोन रांगा रिकाम्या का असतात, वाटतं तुम्हाला?"

मला वाटायचं, लोक संकोचाने मागे बसतात. अगदी मानाने वगैरे! स्टेजवरून हसून बोलावलंही आहे मी — या, या, पुढे या. आणि बिचारे कसेबसे हसत तिथेच बसून राहायचे. ताईसुद्धा भिंतीला टेकून बसते. पाठीला आधार लागतो म्हणायची.

आठवलं की कानशिलं तापतात.

रविवार, १७ मार्च

ॲम्पचं मागचं झाकण उघडलं. ट्रेबलच्या बटणामागे हरभऱ्याएवढा एक कंडेन्सर नव्याने जोडलेला. जोडाचा डाग इतका सुबक की कारखान्यातून आल्यासारखा. आणि तारेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. भाऊजींचं अक्षर — "वरचा कर्कशपणा कमी केला आहे. नको असल्यास इथे कापणे. बाकी आवाजाला धक्का नाही."

म्हणजे वाट लावली नव्हती. बटण दहावर राहून राहून झिजलेलं त्यांनी पाहिलं असणार. माझी गिटार लोकांच्या कानात घुसू नये म्हणून गुपचूप सोय केली, आणि मला तोंडावर सांगायला नको म्हणून झाकणाआड लिहून ठेवलं. घरघर दुरुस्त केली म्हणाले, बस. आणि मी? अकरा जणांसमोर!

पक्कड हातात होती. खाली ठेवली.

सोमवार, १८ मार्च

लाज वाटते. आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, २० मार्च

कामावरून परस्पर भाऊजींच्या दुकानात गेलो. तीनदा दारापर्यंत जाऊन परतलो, शेजारच्या शिंप्याने विचारलं, "माप द्यायचंय का?" मग शिरलोच.

भाऊजी टेबलाशी, ताई आत पडद्याजवळ स्टुलावर स्क्रू निवडत बसलेली. ताईने मान वर केली नाही. मी सगळं सांगून टाकलं. थर्मामीटर, पातं, चिठ्ठी. रडू आलं. बावन्नाव्या वर्षी, रेडिओंच्या ढिगात उभा राहून!

भाऊजी म्हणाले, "कान जातातच रे. मशीनवर बावीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

"मग सांगितलं का नाहीत मला?"

"तू कानाचा पक्का म्हणून मिरवतोस. ते कुठे मोडू."

विचारलं, त्या दिवशी उलटून बोलला का नाहीत? ते डबीतला स्क्रू उगाच फिरवत राहिले. "काय बोलायचं," म्हणाले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक रेडिओ न्यायला आलं. भाऊजींनी रेडिओ लावला, बटण फिरवलं. आतून ताई म्हणाली, "द्या आता." त्यांनी दिला. दुकानातसुद्धा हुकूम ताईचाच! एरवी मी यावर चेष्टा केली असती. निघताना तिने एवढंच विचारलं, "ताप उतरला का?" बायकोने कळवलेलं दिसतंय. तेवढ्यावर घरापर्यंत तरंगत आलो.

शनिवार, २३ मार्च

चारचौघांत बोललो होतो, तेव्हा माफीही चारचौघांतच, असं ठरवलं होतं. भाऊजींना हातापाया पडून सरावाला आणलं. सगळे होते, अकरा काय, चौदा होते. उभा राहिलो. म्हणालो, "माझे कान गेलेत. वरचं मला काही ऐकू येत नाही. इतकी वर्षं तुम्ही सहन केलंत." सिस्टरच्या डोळ्यांत पाणी. ढोल्या खाली बघत होता.

मग म्हणालो, "आणि भाऊजींना मी बोललो, कान आहेत का म्हणून. अहो, त्यांच्यासारखे कान या गावात कुणाचे नाहीत! नुसतं ऐकून नेमकं किती कापायचं ते त्यांनी ओळखलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींची मान खाली. ताईचा हात त्यांच्या पाठीवर. मला वाटलं, कौतुकाची सवय नाही माणसाला. भरून आलं असेल.

छातीवरचा धोंडा उतरला! कारखान्यात पिवळे मफ आता घालतो. बैल गेला आणि झोपा केला, असं बायको म्हणाली असती, पण म्हणाली नाही.

शुक्रवार, २९ मार्च

परवा कार्यक्रम. गेन दोन, मिड सात, बास चार, ॲम्प खुर्चीवर, ईक्यू मास्तरांना परत. ट्रेबलचं मात्र मला कळणार नाही. चांगला वाजतोय की नाही ते यापुढे लोकांच्या चेहऱ्यावर बघायचं. भाऊजी म्हणाले, "मोठ्या हॉलला पुन्हा जुळवावं लागेल. येतो मी आधी."

रविवार, ३१ मार्च

हॉल रिकामा होता. भाऊजी ॲम्पमागे गुडघ्यांवर बसले, हात ट्रेबलच्या बटणावर. म्हणाले, "वाजव." मी वाजवू लागलो. ते ॲम्पकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. पहिल्या रांगेत ताई बसली होती, तिच्याकडे बघत ते बटण फिरवत होते. फिरवत राहिले. ताईने हात वर केला. ते थांबले.

नंतर पडद्यामागे तिला विचारलं. "सात वर्षं झाली, यांनाही वरचं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईकाला कळू दिलं नाही आम्ही. कळलं तर कोण देईल दुरुस्तीला?"

आधी शिवी दिली, मग टाळ्या मिळवून दिल्या. दोन्ही वेळा मी त्याच जागेवर मारलं होतं.