लेबलवरची मेरॉड

३ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.
मेरॉड काल बहिणीकडे फॅलमथला गेली. हवापालट. सत्तावीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढा हक्क असलाच पाहिजे, आणि या बाबतीत मी मोठ्या मनाचा आहे. जाताना शिवणाचं मोठं मशीन नेलं. तिघांनी मिळून उचललं, त्यातला एक मी. ऑफिसात टेगनला सांगितलं तर म्हणाली, चार दिवसांसाठी कुणी मशीन नेतं का? टेगन अकरा वर्षं आमच्या ऑर्डरी बघते. त्यामुळे बाकीचंही आपल्यालाच दिसतं असं तिला वाटतं.

निश्चय: (१) कंपनीचा पर्यावरण-अहवाल महिनाअखेर पुरा करणे. (२) रोज सर्फिंगला समुद्रात उतरणे, पाणी कितीही गार असो. (३) मेरॉडला फोन न करणे. तिला माझी आठवण येऊ देणे.

५ नोव्हेंबर
फोन केला. दोनदा. पहिला उचलला नाही, म्हणून तो धरत नाही. दुसरा बहिणीने उचलला, मेरॉड बाहेर गेलीये म्हणाली. मागे मेरॉड शिंकली. ती शिंक मी हजारात ओळखीन. काळजी घ्यायला सांग म्हटलं.

भांडणाचं कारण एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. तिची आई आजारी होती ती चार वर्षं मेरॉड कामावर नव्हती. त्या काळात मी आमचे वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचे रबरी पोशाख, बाहेरच्या देशात शिवून घ्यायला लागलो. तिला आधीच इतका ताप, म्हणून बोललो नाही. आई गेली, ऑक्टोबरात ती परत आली आणि पहिल्याच दिवशी तिने एक खोकं उघडलं. आत तयार सूट, आणि वेगळ्या पुडीत लेबलं: ‘मेरॉड. कॉर्नवॉलमध्ये शिवलेलं.’ मी समजावलं की लेबल आपण इथेच शिवतो, तेव्हा लेबलापुरतं वाक्य खरं आहे. तिने विचारलं, हे तुला कुणी लिहून दिलंय का? मी म्हटलं, नाही, माझं मीच लिहिलंय. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

९ नोव्हेंबर
समुद्रात उतरलो नाही. वारा उलटा.
अहवाल मात्र जोरात. ‘आमचं रबर पृथ्वीच्या पोटातून येतं’ असं लिहिलं. चुनखडीपासून बनतं, म्हणजे येतंच. टेगन म्हणाली, कोळसाही तिथूनच येतो. तरुण पिढीला भाषेचं सौंदर्य कळत नाही.
पहिल्या पानावर मेरॉडचा जुना फोटो टाकला. फेब्रुवारीतला किनारा, ठिगळं जोडून शिवलेला सूट, ओठ निळे, आणि हसतेय. गॅरेजमध्ये पहिला सूट शिवून तिने तो स्वतःच्या अंगावर घालून बघितला तो दिवस. पाणी आत आलं तर मला दोष देऊ नकोस असं मी म्हटलं होतं. पाणी आलं नव्हतं. टेगनने विचारलं, फोटो टाकायचं त्यांना विचारलंत? बायकोला काय विचारायचं?

१४ नोव्हेंबर, शनिवार
आनंदाची बातमी. मेरॉड गावात परत आली.
घरी नाही अजून. बंदरावर मासे खारवायचं जुनं तळघर आहे, तिथे तिने मशीन मांडलंय. पाटी लावलीये: ‘वेटसूट दुरुस्त करून मिळतील. कुठल्याही कंपनीचे.’ राहते वरच्या खोलीत. मला हे पोस्टमनकडून कळलं, पण तिच्या सरप्राइजचा विरस नको म्हणून अजून तिकडे गेलो नाही.
अहवालात भर: ‘या वर्षी कंपनीने स्वतंत्र दुरुस्ती केंद्र सुरू केलं.’ टेगनने वाचलं आणि उठून चहा करायला गेली. बराच वेळ आली नाही.

२० नोव्हेंबर
गेलो. केशराचे बन घेऊन, तिला आवडतात ते. दारात रांग होती, रांगेत उभा राहिलो. लोकांनी मला पुढे जायला जागा दिली नाही, म्हणजे दुकान शिस्तीत चाललंय.
मेरॉड बारीक झालीये. बन बाजूला ठेवले आणि म्हणाली, पेरन, माझं नाव काढ.
कुठून, म्हटलं.
कपड्यांवरून. मी शिवलेलं नाही त्याच्यावर माझं नाव नको.
एवढंच बोलून मागच्या बाईचा सूट हातात घेतला. घरी येताना विचार केला. ज्या बाईचा कंपनीशी संबंध संपला ती कंपनीच्या नावाचा विचार कशाला करेल? चांगलं लक्षण.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार
पर्यावरणाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या मिसेस अ‍ॅटवेल ब्रिस्टलहून आल्या. अहवाल नीट वाचून आल्या होत्या, हे एक वाईट झालं. दुरुस्ती केंद्र बघायचंय म्हणाल्या. मी नेलं. मेरॉड चारचौघांत माझी लाज राखेल याची खात्री होती. ती नेहमीच राखत आलीये.
बाईंनी विचारलं, हे कंपनीचंच ना?
मेरॉड म्हणाली, नाही. हे माझं.
आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मग बाईंनी विचारलं, यांचे सूट दुरुस्तीला येतात का? तेव्हा मेरॉडने मागचा दरवाजा उघडला. आत ढीग होता, माझ्या छातीएवढा. सगळे काळे, सगळे आमचे, गेल्या चार वर्षांतले. मेरॉडने एक उचलून शिवण दाखवली. दोन हिवाळ्यांत सुटते, म्हणाली, आणि रबर इतकं पातळ की टाका धरत नाही. लोक मोठ्या आशेने आणतात, मी त्यांना नाही म्हणते, आणि ते इथेच टाकून जातात.
मग कचऱ्यात का नाही देत, बाईंनी विचारलं.
मेरॉड म्हणाली, प्रत्येकावर माझं नाव आहे. कसं देऊ?
मिसेस अ‍ॅटवेलना मी गाडीने स्टेशनवर सोडायला गेलो. प्रमाणपत्राचं पुढच्या वर्षी बघू, असं मीच तिथे म्हटलं. त्या म्हणाल्या, आधी खरं काय ते लिहा.

१ डिसेंबर
ठरलं. नाव काढायचं. तिने मागितलेली एक गोष्ट मी केली की बाकीचं आपोआप जुळेल. गोदामात साडेसहाशे सूट. मशीनने लेबल फाटतं, म्हणून हाताने उसवतोय, एकेक टाका. टेगन म्हणाली, मी बसते मदतीला. नको म्हटलं. हे नवरा-बायकोतलं काम आहे.
आज एकशे दहा. बोटांना भोकं.

६ डिसेंबर, रविवार
संपले सगळे. लेबलं खोक्यात भरून तळघरावर घेऊन गेलो. दाढी केली होती. वाटेत बोलायचं पाठ केलं: मेरॉड, बघ, एकही ठेवलं नाही. नवं नाव तू ठेव, घरी ये, दोघं मिळून गॅरेजपासून सुरू करू.
तिने खोकं उघडलं. मूठभर लेबलं हातात घेऊन बघितली. डोळे भरून आले तिचे. मला वाटलं, जमलं.
मग म्हणाली, थँक्यू, पेरन. मनापासून. आणि माझी बोटं बघून औषध लाव म्हणाली.
मी घरी कधी येतेस ते विचारलं.
ती म्हणाली, तुला वाटलं मी त्यासाठी सांगितलं?
मी खोकं तिच्याकडे सरकवलं. ती म्हणाली, तू खोटं बोललास त्याचा मला राग होता, तो गेला. राग होता तोवर मला वाटायचं, राग गेला की मी परत येईन. आता राग गेलाय आणि मी इथेच आहे. मला बरं वाटतंय इथे.


७ डिसेंबर
अहवालातून दुरुस्ती केंद्र काढलं. फोटो काढला. पृथ्वीचं पोट काढलं. ‘आम्ही’ होतं तिथे ‘मी’ केलं. चौदा पानांचा मजकूर दीड पानावर आला. टेगनने वाचला आणि म्हणाली, हा बरा आहे. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून घरी गेली. अकरा वर्षांत असं तिने कधी केलं नव्हतं.

१३ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.
शेवटी समुद्रात उतरलो. पाणी दहा अंश. लाटा चांगल्या होत्या, पंधरावीस जण होते. त्यांत मेरॉड.
पूर्वी आम्ही पाण्यात बोलत नसू. ती नुसती मान वळवायची आणि मला कळायचं कुठली लाट येतेय. आज मी माझी फळी तिच्या फळीशेजारी नेऊन बसलो आणि तिच्या मानेकडे बघत राहिलो. ती समोर बघत होती. दोन लाटा माझ्या खालून गेल्या.
मग ती माझ्याकडे वळली, छान हसली आणि म्हणाली, आज खडकाच्या डाव्या बाजूला जास्त बरं आहे, तिकडे जाऊन बघा.
‘बघा’ म्हणाली. सुट्टीला आलेल्या माणसाला रस्ता सांगावा तसं. मुद्दाम नसेल. तोंडातून गेलं असेल.
मी थँक्यू म्हटलं आणि डावीकडे गेलो.