दोन पौंडांचं वजन

बाबा, आज एका गिऱ्हाइकाला मी घरातून काढलं. बेव्हर्ली पार्कहून आला होता, त्याच्या चाळीस पौंड ताणाच्या, टोकं पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्यासाठी बाण करून घ्यायला. काड्या वाकवून पोट भरतं का, असं तुम्ही म्हणायचात. नाही भरत, अजून नोकरीवरच भरतं. पण लाकडी बाण स्पाइन, म्हणजे काडीचा ताठपणा, धनुष्याशी जुळवून हवे असले की लोक माझ्याकडेच येतात, आणि हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तुम्हाला एकदा समजावलं होतं, स्वयंपाकघरात, तुम्ही चहा घेताय आणि मी ओट्यावर बाणांच्या काड्या मांडून बसलोय. दोरी सुटली की बाण आधी वाकतो, धनुष्याला वळसा घालतो, मग सरळ होतो. त्या धनुष्याच्या मानाने काडी ताठ असली तर बाण एकीकडे जातो, लवचीक असली तर दुसरीकडे. म्हणून काडी दोन खुंट्यांवर आडवी ठेवायची, मधोमध दोन पौंड टांगायचे, किती झुकते ते मोजायचं. दोन पौंड म्हणजे नऊशेसात ग्रॅम. तुम्ही फक्त आकडा परत विचारलात. काही दिवसांनी भांड्यांच्या कारखान्यातून येताना स्टीलचं वजन घेऊन आलात. लेथवाल्याकडून बरोबर नऊशेसातवर उतरवून घेतलेलं, आणि मग तुमच्या बफिंगच्या चाकावर धरून आरशासारखं चमकवलेलं. गळ्यात काळा पडलेला रुमाल, बोलता बोलता खोकला. "बघ, बरोबर आहे ना?" मी हो म्हणालो. वर्ष उलटायच्या आत तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ साठली होती.

आज त्या माणसाने ते वजन किचनमधल्या काट्यावर ठेवलं. "अंकल, ये तो नौ सौ भी नहीं है." मी म्हणालो, काटा खराब आहे. त्याने साखरेची किलोची पिशवी ठेवून पाहिली. काटा ठीक होता. मग मी त्याला दार दाखवलं. आता चार जणांना सांगेल, याचं मापच खोटं आहे.

खोटं नाही. हलक्या वजनाने काडी कमी झुकते, तो फरक मी प्रत्येक बाणाच्या आकड्यात धरतो, पहिल्यापासून. एवढं सांगितलं असतं तरी तो थांबला असता. पण मग तुमचं वजन चुकलंय, असं तोंडाने म्हणावं लागलं असतं. चमक काढताना ते ग्रॅम गेले, बाबा. थोडे चाकाखाली, थोडे तुमच्या छातीत.

हा कागद काड्यांच्या पेटीत ठेवतोय. वजन आणलंत त्या संध्याकाळी तुम्ही हात धुवायला गेलात ना, तेव्हाच मी ते मोजलं होतं.