अण्णांच्या गॅरेजचं शटर

पोलादपूर, १२ नोव्हें. २००३
शाळा सुरू. नववीचे पेपर तपासायचे तसेच पडलेत. अण्णांनी आज मला दोनदा "ताई, तुम्ही कुठल्या?" विचारलं. पोटच्या मुलीला. एकदा हसले, एकदा नाही.
दुपारी नेहमीसारखे गॅरेजमधल्या जुन्या फियाटमध्ये स्टेअरिंग धरून बसले. चाळीस वर्षं आंबेनळी घाटात ट्रक चालवलेला माणूस. तिथे बसले की शांत असतात. त्यांना सांभाळायला ठेवलेली सुमन स्टुलावर बसून तांदूळ निवडते आणि त्यांच्याशी बोलते, "अण्णा, आता कंचा वळण आला?" ते सांगतात. बरोबर सांगतात.
दादानं दिवाळीला मस्कतहून शेजारच्या डॉक्टरांसाठी आपल्यासारखंच रिमोटनं शटर उघडायचं मशीन आणलं. उद्या बसवणार.

१३ नोव्हें.
अण्णा गेले कुठे?
साडेचारला घरी आले तर सुमन रस्त्यावर रडत उभी. चारला चहा ठेवायला आत गेली, बाहेर आली तर गाडी रिकामी. रस्त्याकडचं शटर बंद, ते तिनं नंतर शोधायला निघताना उघडलं. फाटकाला कुलूप, चावी माझ्या पर्समध्ये. मग माणूस गेला कुठून? भिंत चढले?
"बाई, आईची आन, मी शटर उघडला नाय."
मी काय बोलले ते लिहीत नाही.
हायवे, नदीचा घाट, स्टँड. नाहीत. डॉक्टर स्वतःची गाडी काढून महाडपर्यंत जाऊन आले. भला माणूस.

१४ नोव्हें.
पोलिसांत तक्रार. जमादारानं विचारलं, रिमोट कुणाकडे असतो? म्हटलं, दिवसभर सुमनच्याच ताब्यात. खरंच होतं ते. पुढे मीच म्हणाले, शटर उघडं टाकून कुठेतरी गेली असेल, मग घाबरून बंद केलं असेल. त्यांनी लिहून घेतलं.
तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. नवरा उमरठहून आला. स्टेशनच्या दारातच तिच्या थोबाडीत मारली, दोनदा. लोक बघत होते. मी रिक्षात होते. उतरले नाही.

१५ नोव्हें.
घाटाच्या वाटेवर कापड्याला चहाच्या टपरीवाल्याने बघितलंय! परवा गुरुवारी अंधार पडायच्या आधी, बनियनवर एक म्हातारा वळणावर उभा राहून ट्रकना हात करत होता, "येऊ दे, येऊ दे, डावीकडं दाब." टपरीवाल्याला वाटलं क्लीनर असेल कुणाचा. कुणाच्या तरी टेम्पोतून तिथवर पोचले असणार.
दादा उद्या पोचतो.

१६ नोव्हें.
सापडले. त्या वळणाच्या खाली, ओढ्यात.
ओळख मी पटवली. हात...

२७ नोव्हें.
इतके दिवस लिहिलं नाही. उद्या तेरावा.
अण्णा गेले त्या संध्याकाळपासून माणसांच्या येण्याजाण्यासाठी शटर वर करून मशीनचं बटण बंदच ठेवलं होतं. आज स्वयंपाकाचं सामान गॅरेजमध्ये उतरवलं, कुत्री शिरायला लागली, म्हणून दादानं बटण चालू करून शटर खाली घेतलं. काकू, मामी आणि मी खोबरं किसत बसलो होतो. चारच्या सुमारास शटर आपोआप वर जायला लागलं. रिमोट खिळ्याला टांगलेला. कुणी हात लावलेला नाही.
मामी म्हणाली, "अण्णा आले गो." हात जोडले तिनं.
मी बाहेर पाहिलं. शेजारी डॉक्टरांचं शटर वर जात होतं. गाडी बाहेर आली. डॉक्टरांनी खिडकीतून रिमोट दाबला. त्यांचं शटर खाली. आमचंही खाली.
चार वाजता ते दवाखान्यात जातात. रोज.

२८ नोव्हें.
तेरावा पार पडला. पाहुणे गेल्यावर मशीन बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं डॉक्टरांचा आणि आमचा, दोन्ही रिमोट उघडून शेजारी शेजारी ठेवले. आत नखाएवढी आठ बटणं असतात, ती खालीवर करून आपापला नंबर लावायचा. दोन्हीकडे आठच्या आठ खालीच. कारखान्यातून आली तशी.
"डॉक्टरांचं कधी चालू केलंस?"
"तेरा तारखेला दुपारी, बाई. तुमच्यासारखंच लावून दिलं."
मग मान खाली घालून म्हणाला, "तुमचं बसवलं तेव्हा कागद तुम्हीच वाचला होतात."
मीच वाचला होता. इंग्रजी शिकवते ना. नंबर बदला, असं पहिल्याच पानावर ठळक होतं. मी म्हटलं होतं, राहू दे रे, पोलादपुरात दुसरं कुणाकडे आहे असलं मशीन.

२९ नोव्हें.
डॉक्टर आले. चेहरा उतरलेला. खुर्चीच्या कडेला टेकले. मग, "मॅडम, माझ्या हातून झालं. पण गावात याचे अर्थ कसे निघतील... माझा दवाखाना आहे." दादाही तेच म्हणतो. अण्णा परत येणार आहेत का? झालं ते झालं, त्या बाईला साडीचोळी दे आणि मिटव.
साडीचोळी.

३० नोव्हें. रविवार
उमरठला जाऊन आले. एकटीच.
सुमन ओटीवर होती, उठली नाही. डाव्या डोळ्याखाली अजून काळं. पोलादपुरातली बाकीची दोन्ही कामंही सुटलीत तिची. सासू आत भांडी आपटत होती.
सगळं सांगितलं. बटणं, डॉक्टर, कागद. पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले तिनं.
"बाई, ह्या माला कशाला सांगता? माला ठावंच हाय, मी उघडला नाय. ठेसनात सांगा. बाजारात सांगा. तिथं बोललात ना?"
निघताना तिनं विचारलं, "अण्णांना लई लागला होता का वो?"
मी चपला घालायला वाकले.

१ डिसें.
पो. स्टेशन. अर्ज लिहून नेला. जमादार म्हणाला, प्रकरण बंद झालंय, अपघाती मृत्यू. कशाला उकरता? म्हटलं, माझा जबाब चुकीचा आहे. अर्ज ठेवून घेतला. पोच दिली नाही. उद्या परत जाणार.
दादा बोलत नाही माझ्याशी.

४ डिसें.
पोच मिळाली, तिसऱ्या खेपेला.
आज बाजार. भाजीवालीजवळ उभी राहिले. शाळेतल्या शिपायाची बायको भेटली. तिला म्हटलं, सुमननं शटर उघडलं नव्हतं, चूक माझी होती. "अगं बाई," म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला लागली. दुसरीनं सगळं ऐकून विचारलं, "डॉक्टरांच्या रिमोटनं?" डोळे चमकले तिचे. म्हटलं, नाही, माझ्या आळसानं. तिसरी थांबलीच नाही.
वर्गात साठ पोरांसमोर न अडखळणारी मी. आज जीभ उचलत नव्हती.
चौथीला सांगत होते तेव्हा सुमनचा नवरा मिठाची पिशवी घेऊन मागे उभा होता. केव्हापासून, माहीत नाही. मी त्याच्याकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं. आजूबाजूची माणसं थांबली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. पिशवी खांद्यावर टाकली आणि उमरठच्या जीपमध्ये जाऊन बसला.
घरी जाऊन तिला काय सांगेल, काही सांगेल की नाही...