खिडकीवरची रजई

सौभाग्यवती घरधनिणीस, इकडची खुशाली.

आपली नात बरी आहे. काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे. परवा तिच्या गाण्याला माणसं थोडी होती, पण मधे कुणी उठलं नाही.

आता ती खोलीतच गाणं रेकॉर्ड करते. तेवढा वेळ मी जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना गप्प करतो. शेजारीण म्हणाली, "आजोबा, बाहेर काढलं का?" म्हटलं, "पहाऱ्यावर आहे, बाई."

गाणं सोडवून तिला घरी आण, म्हणून तू मला धाडलंस. रोज सांगायला जातो, पण दाराआडून तिचा आवाज येतो आणि जीभ रेटत नाही.

तिकडे रात्री दाराला कडी लावतेस ना?

रस्त्याचा आवाज अडवायला माझी रजई तिने खिडकीला टांगली आहे. थंडी वाढतेय, दुसरी पाठव.

तुझाच,
जिन्यातला पहारेकरी