आवाज सारखे आले की सांगायला ये

बाई, पत्राला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही म्हणाला होतात, "पाचही बोटांचे आवाज एकसारखे आले की मला सांगायला ये, मग पुढचं देते." ते सांगायला यायलाच चाळीसेक वर्षं लागली. आवाज आता सारखे आलेत असं वाटतंय. वाटतंय म्हणतो, कारण मला खात्री कशाचीच नसते हे तुम्हाला ठाऊक आहे. दुधाचं माप घालून झालं तरी मी फाटकातून परत फिरून विचारायचो, "बाई, बरोबर घातलं ना?" तोच मी. पिंपळे गुरवहून सायकलला दोन किटल्या लावून येणारा. आता रावेतला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, सातव्या मजल्यावर, आणि गॅस बंद आहे का ते दोनदा उठून बघतो.

तुमच्या दारात उभा राहिलो की आतून तो आवाज यायचा. पाच सूर वर, पाच सूर खाली. मग जरा थांबून परत तेच, एक पट्टी सरकून. रोज सकाळी तेच. मी सातवी शिकलेला, पियानो म्हणजे काय हेसुद्धा तुमच्या खिडकीतून बघितलेलं. मला वाटायचं, बाईंना हे एकच गाणं येतं आणि तेही पुरं येत नाही. एक दिवस राहवलं नाही. "बाई, दुसरं गाणं नाही का येत तुम्हाला? हे पण रोज अर्ध्यातच सोडता." तुम्ही पातेलं हातात धरून इतक्या हसलात की दूध हिंदकळून उंबऱ्यावर सांडलं. "अरे, हे गाणं नाही, ही बोटांची आंघोळ आहे. आंघोळीशिवाय तुझी आई तुला चुलीपाशी येऊ देते का?" मी म्हटलं, "पण तुम्हाला तर सगळं येतं, तुम्ही शिकवता लोकांना." तेव्हा तुम्ही म्हणालात ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "कालची बोटं काल गेली. सकाळी उठलं की ती परत परकी झालेली असतात. त्यांची रोज ओळख करून घ्यावी लागते." केस पांढरे झालेली, जन्मभर वाजवत आलेली बाई, आणि रोज पहिलीच्या पोरासारखी पाच पट्ट्यांपासून सुरुवात करते. मी सायकल चालवत घरी गेलो, पण मन तिथंच उंबऱ्यावर राहिलं होतं.

दूध घालून झालं की मी वर्कशॉपात कामाला जायचो. तिथं प्रेसवर माझा डावा हात सापडला. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वाळक्या शेंगांसारखी, वाकेनात. माझ्या अपघातानंतर त्या प्रेसला दोन बटणं बसवली होती, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली यायची नाही. फोरमन म्हणाला, "हात चालला तर मशीनवर ये, न्हाई तर झाडू हाय." दूध घालायला आलो तेव्हा तुम्ही माझा हात बघितलात आणि काही न विचारता स्टूल पुढं ओढलंत. "किटल्या ठेव खाली. बस." माझ्या अंगाला शेणाचा वास, नखांत मशीनचं काळं, आणि समोर पियानोची ती पांढरी पट्टी. मी लेंग्याला हात पुसला, परत पुसला. तुम्ही म्हणालात, "पुरे, पुसून पुसून कातडं जाईल." आधी दोन्ही हात लोंबते सोडून झटकायचे. मग मुठीत लिंबू धरल्यासारखी बोटं वाकवायची. मग तुम्ही हाताच्या पाठीवर एक चिंचोका ठेवलात. तो पडता कामा नये. चार बोटांनी चार पट्ट्या दाबून ठेवायच्या आणि उरलेलं एकटं उचलायचं, सोडायचं. हळू. मला हळू वाटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अजून हळू."

तुम्ही म्हणायचात, "चौथं." मी उचलायचो. तुम्ही म्हणायचात, "चौथं रे." मी परत तेच उचलायचो, आणि मनात म्हणायचो, उचललंय की, अजून काय करू. दोन-तीन दिवस असंच चाललं. मग तुमच्या ध्यानात आलं. आम्ही बोटं करंगळीपासून मोजतो. पियानोवाले अंगठ्यापासून मोजतात. माझं चौथं म्हणजे अंगठ्याशेजारचं, तुमचं चौथं म्हणजे करंगळीशेजारचं. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "म्हणजे जे धट्टंकट्टं आहे त्यालाच तू कसरत करायला लावतोयस, आणि आजारी पोरगं बसलंय शेजारी!" त्या दिवसापासून त्या बोटाचं नाव आजारी पोरगं पडलं. ते उचलायचंच नाही. मी डोळ्यांनी उचलायचो, खांद्यानं उचलायचो, जीभ बाहेर यायची, ते तिथंच. आणि एका सकाळी उचललं. केसभर. तुम्ही टाळी वाजवली नाहीत, नुसतं म्हणालात, "हां. आता त्याचा आवाज इतरांएवढा होऊ दे. हा पियानो खोटं बोलत नाही, जेवढा जोर तेवढाच आवाज देतो." मी मशीनवर परत गेलो. तिथनं थेट रिटायर झालो.

आजारी पोराचा आवाज इतरांएवढा व्हायच्या आत तुम्ही गेलात. मला कुणी कळवलं नव्हतं. मी दूध घेऊन आलो, दाराला कुलूप, आतून काही आवाज नाही. शेजारच्यांनी सांगितलं. भरली किटली घेऊन घरी आलो तर आई म्हणाली, "दूध का रं माघारी आणलंस?" 

आता हल्लीचं सांगतो. होळीच्या आसपास मला अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर हलका म्हणाले, त्यांना काय जातंय म्हणायला. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला, डावा हात मात्र मांडीवर ठेवला तर कुणी विसरून गेल्यासारखा पडून राहायचा. सदऱ्याची बटणं बायको लावायची. भाकरी ती मोडून द्यायची. मला जेवण जाईना. एक मुलगी व्यायाम शिकवायला आली, रबरी चेंडू देऊन गेली. तो दाबताना मला एकदम लिंबू आठवलं. नातीचा वाजवायचा कीबोर्ड कपाटावर पडून होता, ती शिकायला बंगळूरला असते. सुनेला म्हटलं, तेवढा खाली काढ. सून लातूरकडची, चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे, तयार भाग तपासून पास करते, सकाळी कंपनीच्या बसनं जाते. म्हणाली, "काय करायलात बाबा, डॉक्टरांना विचारलंत का?" बायको आतून म्हणाली, "काढून दे बाई. आता बँडात जायाचं राह्यलंय तेवढं."

मी रोज सकाळी बसायला लागलो. हात झटकायचे, म्हणजे उजव्यानं डावा उचलून झटकायचा. चिंचोका ठेवायचा. पहिले कित्येक दिवस बोटांनी ओळखच दिली नाही. मला भीती वाटायची की मी चुकीचं करतोय, क्रम विसरलोय, हातच बिघडवतोय. एकदा असाच बसलो असताना सुनेनं स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, चहात साखर घालू का?" मी म्हटलं, "थोडी." आणि खाली बघतो तर बोटं चाललेली होती. पाच वर, पाच खाली. आजारी पोरगं आपल्या पाळीला उठत होतं. बाई, अंगावर काटा आला. मी तर हे विसरलो होतो. मशीनवर जन्म गेला, लग्नं झाली, शेतात इमारती उभ्या राहिल्या, आणि तुम्ही ठेवलेलं ते हातात तसंच होतं. डोक्याची एक बाजू विझली तरी ते विझलं नव्हतं. तुम्ही नेमकं कुठं ठेवलं होतंत हो?

मग आवाज सारखे यायला लागले. मी हरखलो. नातीला फोनवर सांगितलं, तर ती हसली. "आजोबा, तो कीबोर्ड साधा आहे. त्यात कसंही दाबा, आवाज सारखाच येतो." त्या दिवशी मी जेवलो नाही. एवढे दिवस ते यंत्र माझी समजूत घालत होतं. मला तुमचा पियानो पाहिजे होता. तुमच्या भाच्यानं तो पिंपरीतल्या चर्चच्या हॉलला दिलाय हे मला माहीत होतं, पण तिकडं जायचं धाडस झालं नव्हतं. सुनेनं फोन करून विचारलं आणि रविवारी दुपारी मला घेऊन गेली. झाकण उघडलं. वास तोच. एक पट्टी पिवळी पडलीय. मी सुनेला शेवटच्या बाकावर पाठ करून बसवलं. म्हटलं, "जिथं आवाज कमी पडेल तिथं हात वर कर. माझं तोंड बघून काही सांगू नको." वाजवलं. बरोब्बर आजाऱ्याच्या पाळीला तिनं हात वर केला. परत वाजवलं, परत हात वर.  मग तुमचं ऐकू आलं, अजून हळू. हात लोंबते सोडले, झटकले. खिशातून चिंचोका काढून हाताच्या पाठीवर ठेवला. डोळे मिटले.

पाच वर गेले, पाच खाली आले. मी तुमच्या दारात किटली घेऊन उभा होतो आणि आतून तो आवाज येत होता. आत कोण वाजवतंय ते मला कळत नव्हतं. डोळे उघडले तर चिंचोका जागेवर, आणि सुनेचा हात खालीच. "ओके आहे, बाबा." मी म्हटलं, "नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?" ती मागं वळली, तिचे डोळे भरले होते. "बाबा, आत्ता दोनदा रिजेक्ट केलं की नाही तुम्हाला? माझ्या हातून खोटा पीस पास होत नाही." परवापासून सदऱ्याची बटणं मी लावतो. वरचं एक राहतं. भाकरी मोडतो. बायको बघत नाही असं दाखवते.

तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. सुनेला भाग तपासता येतात, पण सूर? माझा एक कान हल्ली कमी ऐकतो. तुम्ही ऐकलं असतंत तर प्रश्नच नव्हता. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं तेही कळत नाही. घडी करून कीबोर्डाखाली ठेवतो. आणि एक सांगायचं राहिलं. तुम्ही एवढं समजावून सांगितलंत, मी दरवेळी मान हलवली, पण मनात मी अजूनही त्याला गाणंच म्हणतो. आता ते पुरं झालंय, तर पुढचं काय ते लवकर कळवा. डॉक्टर म्हणतात, झटका परत येऊ शकतो. हात चालतोय तोवर कळवा, बाई. मी रोज सकाळी आंघोळ उरकून बसलेला असतो.