सत्तावन्न सालचं माझं मत

वरंध,
फेब्रुवारी १९९८

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण सख्ख्या भावाला दुसरं काय लिहितात ते मला कुणी शिकवलं नाही, म्हणून तसंच राहू दे. तुझी तब्येत बरी असेल. इकडे थंडी ओसरली, गुडघे मात्र तसेच आहेत. मागच्या महिन्यात सवच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून आले, चार दिवस बरं वाटलं. आमच्या दोन्ही म्हशी व्यायल्या, एकीला पारडी झाली. एवढी खुशाली पुरे. पुढचं वाचायला बसण्याआधी चष्मा पूस आणि दार लावून घे. सुनांना वाचून दाखवायला सांगू नकोस. मोठ्याने वाचण्यासारखं हे पत्र नाही.

त्या साप्ताहिकात तुझ्यावर छापून आलेलं पान मला माझ्या नातीने, स्नेहलने आणून दाखवलं. सुटीत आली होती कॉलेजातून. किती कौतुकाने आणलं होतं पोरीने! तुझा फेटा बांधलेला फोटो, खाली 'तालुक्याचं जुनं राजकारण पाहिलेला माणूस', आणि मध्ये चौकटीत तुझे शब्द. 'सत्तावन्नच्या लोकसभेला आमच्या गावातल्या बायका मतदानाला घराबाहेर पडत नव्हत्या. मी माझ्या धाकट्या बहिणीला, चंद्राला, स्वतः हाताला धरून केंद्रावर नेलं. गावात मत टाकणारी ती पहिली बाई.' मी ते वाचलं, चष्मा काढला, परत घातला, परत वाचलं. मग उठून गोठ्यात गेले आणि उगाच शेण भरत बसले.

दादा, तुला खरंच विसर पडला का? की तू इतक्यांदा हे सांगितलंस की तुलाच खरं वाटायला लागलं? विसर पडला असेल तर ऐक. मला एकेक गोष्ट आठवते.

तूच मला शाळेत घातलंस, हे मी कधी नाकारलं नाही. बाबा गेल्यावर घर तुझ्यावर आलं तेव्हा तू एवढासा होतास. सावित्री नदीला पाणी असलं की मला खांद्यावर बसवून पलीकडच्या शाळेत पोचवायचास. गावातल्या बायका हसायच्या, पोरीला शिकवून काय मामलेदार करणार काय रे महिपती, म्हणायच्या. तू म्हणायचास, वाचायला तरी येईल तिला, कुणी फसवायचं नाय. तुझे ते शब्द मी आयुष्यभर जपले. म्हणून तर राग इतका येतो.

मला वाचता यायला लागलं आणि तुझी पंचाईत झाली. माझ्या शाळेतल्या शरिफाच्या बापाकडे महाडहून वर्तमानपत्र यायचं. आम्ही दोघी त्यांच्या पडवीत बसून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो. आपल्याच महाड तालुक्यात जन्मलेला, आपल्याच जिल्ह्याने दिल्लीला पाठवलेला खासदार मुंबईसाठी मंत्रिपद सोडून आला, ते मी तिथेच वाचलं. आणि त्याच साली आपला गणू मुंबईहून घरी आला, मांडीत गोळी घेऊन. गिरणी सुटल्यावर रस्त्यावरच्या गर्दीत सापडला होता. तुझ्या पाठचा भाऊ, दादा. त्याच्या जखमेवरच्या पट्ट्या मी बदलत होते आणि तू ओसरीवर तुझ्या पक्षाच्या माणसांना चहा देत होतास. मी तेव्हाच तुला सांगितलं होतं, लपवून ठेवलं नव्हतं, की मला एकवीस पुरी झालीत, यादीत नाव आहे, आणि माझं मत संयुक्त महाराष्ट्र समितीला जाणार. तू हसलास. म्हणालास, 'घरातली सगळी मतं मी कबूल केलीत गो. तुझं एक मत काय घेऊन बसलीस?'

मतदानाच्या दिवशी सकाळी मी न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून माजघरात वेणी घालत होते. तू बाहेरून कडी घातलीस. मला वाटलं, चुकून. हाका मारल्या. वहिनी दारापलीकडे उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या, पण कडी निघाली नाही. तिची धाकटी बहीण त्या दिवसांत कशेडीहून आपल्याकडे पाहुणी आली होती. दाराच्या फटीतून मी बघितलं, तू त्या मुलीला पदर पुढे ओढून घ्यायला सांगत होतास. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. माझा दादा तसं करील, हे डोक्यात यायला जागाच नव्हती.

कडी गणूने काढली. भिंतीला धरून, लंगडत, ओठ दाताखाली दाबून तो आला. म्हणाला, 'जा गो चंद्रा. माझं मत ऱ्हायलं मुंबयला. माझ्या वाटचं पन टाकून ये.' मी पळत सुटले. वाटेत शरिफा भेटली, तीही निघालीच होती. नदीचं पाणी कमी होतं, लुगडं वर धरून आम्ही पार झालो. शाळेसमोर बायकांची वेगळी रांग होती. म्हणजे बघ, बायका आल्याच होत्या. गावातली पहिली बाई कोण, हे ठरवायला तुझी गरज नव्हती.

आत गेले तर खिडकीशेजारी तू बसलेला, छातीवर पक्षाचा बिल्ला लावून. आलेल्या मतदारांना पक्षातर्फे ओळखायचं तुझं काम. केंद्रावरच्या साहेबांनी यादीत बघितलं आणि म्हणाले, चंद्राबाई मत देऊन गेल्या. मी म्हटलं, कसं शक्य आहे, मी चंद्रा, माझ्या बोटाला शाई नाही, हे बघा. ते म्हणाले, शाई नाही म्हणून तुम्ही चंद्राबाई ठरत नाही. मग ते तुझ्याकडे वळले. त्यांचा आवाज सभ्य होता. 'महिपतराव, सकाळी तुम्हीच त्या बाईंना ओळखलंत. मग ही कोण?'

दादा, त्या वेळी मला हायसं वाटलं होतं. हे मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय. मला वाटलं, झालं, आता दादा सांगेल. चोरी उघडी पडेल, तुला बोल लागेल, म्हणून तुझी काळजीसुद्धा वाटली मला.

तू माझ्याकडे बघितलंस. नीट बघितलंस. आणि म्हणालास, 'ही आमची चंद्रा नाय. हिला मी वळखत नाय.'

शरिफा पुढे झाली. तिने साहेबांना सांगितलं की हीच चंद्रा, आम्ही एका शाळेत शिकलो, मी शपथ घेते. तू तिच्याकडे न बघताच बोललास की मुसलमानाच्या पोरीला आमच्या घरातलं काय ठाऊक. जिच्या आईने तुझ्या तापात रात्री जागून काढल्या, तिला. रांगेतल्या बायका सगळ्या गावच्या. त्यांनी मला तान्ही असल्यापासून बघितलेलं. एकीनेही तोंड उघडलं नाही, कारण खिडकीत तू बसला होतास आणि त्यांचे नवरे तुझी जमीन कसत होते.

तोतयेगिरी करते म्हणून मला शाळेच्या पडवीत बसवून ठेवलं, बाजूला पोलीस. शरिफा आपलं मत टाकून आली आणि माझ्याशेजारी मातीत बसली. पोलिसाने दोनदा हटकलं, ती उठली नाही. पेट्यांना लाख लावून झाली तेव्हा साहेबांनी, पोरगी लहान आहे, जाऊ द्या, म्हणून मला सोडलं. तू त्यांच्या जीपगाडीपर्यंत गेलास, माझ्या अगदी जवळून, आणि माझ्या अंगावरून नजर अशी नेलीस जशी रिकाम्या बाकावरून नेतात. घरी आल्यावर काय म्हणालास, आठवतं? 'जेवलीस का?' म्हणालास. एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्यावर अवाक्षर नाही.

समिती निवडून आली. माझ्याशिवाय आली. तू ज्या मतासाठी बहीण नाकारलीस ते मत हरलेल्या पेटीत गेलं. गावात लाडू वाटले तेव्हा तू दोन माणसांच्या वाटचे मागून घेतलेस, आणि पुढच्या खेपेला पक्षही बदललास. बिरवाडीचं माझं ठरत आलेलं स्थळ मोडलं, पोलिसाने बसवून ठेवलेली मुलगी म्हणून. मग तू घाईने मला इकडे वरंधला दिलीस, बिजवराला. माणूस देवासारखा निघाला, ते माझं नशीब, तुझी पुण्याई नाही. त्यांनाही मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तुझ्या घरची पायरी चढले नसते, आणि मला माहेर उरलं नसतं. भाऊबिजेला तुला ओवाळत राहिले. दरवर्षी ताट हातात घेतलं की वाटायचं, यंदा दादा काहीतरी बोलेल. तू ताटात ओवाळणी टाकायचास आणि पाऊसपाण्याचं विचारायचास.

मत गेलं त्याचं दुःख कधीच विरलं. त्यानंतर मी प्रत्येक निवडणुकीत मत दिलंय, सरकारं येताना-पडताना बघितलीत, आणि आताही बघ, दोन वर्षांत पुन्हा लोकसभा. पण 'वळखत नाय' हे दोन शब्द गेले नाहीत. आणि ज्या तोंडाने ते बोललास त्याच तोंडाने आता चारचौघांत सांगतोस की मी तिला हाताला धरून नेलं! गप्प राहिला असतास तर मीही गप्प मेले असते. गणू गेला तो गप्पच गेला.

तरीही नुसत्या त्या छापील पानासाठी मी लेखणी उचलली नसती. चरफडले असते आणि राहिले असते. पण पान दाखवून झाल्यावर जेवता जेवता स्नेहल सहज म्हणाली, 'आजी, महिपतीआबांनी घरातल्या सगळ्या बायकांची मतदानाची फोटोकार्डं गोळा करून कपाटात ठेवलीत. माझंपण. म्हणाले, पोरींनी उन्हात रांगेत कशाला उभं राहायचं, आपली माणसं बघून घेतील.' हसत सांगत होती. तिला वाटलं, तू लाड करतोयस. मी ताट बाजूला सारलं. त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, माझं पहिलंच मत आहे गं आजी. शिक्षणासाठी विश्वासाने तुझ्या घरी ठेवली होती मी तिला. आता ती तुझ्याकडे राहणार नाही. हे पत्र तुला पोचेल तेव्हा ती आपलं सामान घेऊन महाडात शरिफाच्या घरी गेलेली असेल, तिच्यावर चिडू नकोस. तुझ्या दोन्ही सुनांशी मी फोनवर बोलले आहे, थोरलीने मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तेव्हा दादा, ते कपाट उघड आणि ज्याचं त्याचं कार्ड ज्याच्या त्याच्या हातात दे. मतदानाच्या आदल्या दिवशी मी पहिल्या एस.टी.ने येतेय. कार्डं वाटलेली असतील तर तुझ्याकडे चहा घेईन. नसतील तर तुझ्या सुनांना घेऊन तिथूनच तहसीलदार कचेरीत जाईन, आणि तिथे आम्ही कुणाच्या कोण, ते आमचं आम्ही सांगू.

तुझीच सख्खी बहीण,
चंद्रा