सतरा नंबरची जागा

३ एप्रिल २००८, गुरुवार
निर्णय झाला. ट्रेलर मी स्वतः दुरुस्त करणार.
१९६२ चा, चौदा फुटी, गाडीमागे ओढत न्यायची राहायची खोली. बाहेरून पत्रा, आतून लाकूड, छपरातून पाणी. पाच महिने गॅरेजमागे बर्फाखाली उभा होता. असले ट्रेलर आमच्या इंडियानातच बनायचे. शाळा अर्धवट सोडलेली पोरं दिवसाला दहा-बारा बांधून मोकळी व्हायची. मी तर लायसन्स ऑफिसात खिडकी नंबर तीनवर चौतीस वर्षं काढली आहेत. सहा आठवडे पुरेत.
मुदत ३० जून. तळ्याकाठच्या कॅम्पचा नियम चार: हंगामी जागा राखायची असेल तर ट्रेलर ३० जूनपर्यंत स्वतःच्या चाकांवर तिथे पोचला पाहिजे. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. सतरा नंबर एकतीस वर्षं आमचा आहे. आता माझा.
तळं मला आवडत नाही. डास, सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर, शेकोटीभोवती बेसूर गाणी. मी जायचे ती आयरीनसाठी. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.
आयरीनला जाऊन आज बावन्न दिवस. माझी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी, तरी आधी गेली. रांगेत घुसायची सवय जुनीच. दिवस मोजले, कारण कॅलेंडर समोर होतं.

५ एप्रिल, शनिवार
कॅम्पचा मालक ड्वेन केसलर याला रजिस्टर पत्र. मी येत आहे, सतरा नंबरला कोणी हात लावू नये, नियम चार जोडला आहे.
डॉक्टरकडे जाऊन आले. झोप लागते का? लागते. भूक? लागते. मग काय वाटतं? काही वाटत नाही, म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिण्यासारखं त्यात काय होतं?

८ एप्रिल, मंगळवार
आतलं लाकूड काढायला सुरुवात. भिंती ओल्या बिस्किटासारख्या. हाताने निघतात. शिस्त म्हणजे काय हे यंदा ट्रेलरला कळेल. जे कुजलं ते बाहेर.
भिंतींच्या लाकडी फासळ्यांवर आतून कोणीतरी पेन्सिलीने मापं लिहून ठेवली आहेत. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ. बाबा तसाच सात काढायचे, पोलंडहून आणलेला. शाळेत सिस्टर क्लेमेंशियांनी पट्टीने माझी ती सवय मोडली. आयरीनची नाही मोडली. पट्टी मोडली.
ट्रेलरच्या कारखान्यात पोलिश माणसं पुष्कळ होती. असेल कोणाचं तरी.

१२ एप्रिल, शनिवार
सगळं लाकूड कचरा डेपोत. दोन फेऱ्या. पत्राही भंगारवाल्याला दिला, नवा आणू. दारं-खिडक्यांपैकी दार तेवढं ठेवलं. कुलूप चांगलं आहे, किल्ली माझ्याकडे आहे. चुलाही ठेवला.
उरलं काय: लोखंडी चौकट, चाकं, पायाखालची जमीन. अगदी स्वच्छ. इतकं समाधान बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं असावं.
आयरीनची खोली मी चार दिवसांत रिकामी केली होती. तेव्हा चर्चमधल्या बायका म्हणाल्या, डोलोरेस, अगं, थोडं थांब. कशासाठी थांबायचं ते एकीलाही सांगता आलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार
केसलरचा फोन, निरोप नोंदवणाऱ्या मशीनवर. म्हणे, मिस गोर्स्की, सतरा नंबरबद्दल जरा बोलायचं होतं. बोलायचं असेल तर लेखी कळवावं. उलट फोन केला नाही.
प्लायवूड आलं. भिंतीला पुढे-मागे जी गोलाई होती ती नेमकी किती, ते आठवून काढायचं आहे. एकतीस उन्हाळे त्या भिंतीआड झोपले. आठवेलच.

२ मे, शुक्रवार
आठवत नाही.
फोटोंचा डबा काढला. एकतीस वर्षांचे फोटो. सगळ्यांत मी मध्यभागी, डास मारताना किंवा काहीतरी बजावताना. मागे ट्रेलर, अर्धा कापलेला. आयरीनला फोटोत काय घ्यायचं ते कळायचं नाही. ती स्वतः एकाही फोटोत नाही. कॅमेरा तिच्या हातात.
डबा बंद केला. फोटोंचा उपयोग नाही.

१० मे, शनिवार
डावी भिंत कापली, डोळ्यांच्या अंदाजाने. सुरेख.

१६ मे, शुक्रवार
उजवी भिंत कापली. हीही सुरेख. दोन्ही उभ्या केल्या. एकमेकींशी काही संबंध नाही. दोष प्लायवूडचा. हल्ली माल नीट मिळत नाही.

१७ मे, शनिवार
मागच्या रस्त्यावरचा व्हर्जिल हॉक्स्टेटलर कुंपणापाशी येऊन उभा राहिला. ट्रेलरच्या कारखान्यात तीस वर्षं पत्रे ठोकले त्याने. आयरीनही तिथेच होती, नंतर ऑफिसात. मेनोनाइट, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातला माणूस, बोलायच्या आधी एवढा वेळ घेतो की आपलं जेवण गार होतं.
शेवटी म्हणाला, डोलोरेसबाई, डावीकडे पाव आहे आणि उजवीकडे शवपेटी. मधे राहणार कोण?
मी म्हटलं, टीका करायला अक्कल लागत नाही, मदत करायला लागते. तर विचारतो, जुनी लाकडं कुठे आहेत? म्हटलं, डेपोत. पत्रा? भंगारात. त्याने हॅट काढली. कोणी गेल्यावर काढतात तशी.
म्हणे, अहो, जुनं कुजलेलं असलं तरी टाकायचं नसतं. तेच नव्यावर ठेवायचं नि कडेने पेन्सिल फिरवायची. शिंप्याला मापासाठी जुना कोट देतात की नाही? तुम्ही कोंबडी टाकलीत आणि पिसं ठेवलीत.
हे कुठे लिहिलंय, मी विचारलं. म्हणाला, कुठेच नाही, सगळ्यांना माहीत असतं.
लेखी नियम नसेल तर तो मोडला असं म्हणता येत नाही.

१८ मे, रविवार
मिस्सानंतर व्हर्जिल पुन्हा हजर. त्याचं चर्च आमच्याआधी सुटतं. चौकटीच्या तोंडाशी कारखान्याची पट्टी आहे, ती त्याने थुंकी लावून पुसली. जुलै बासष्ट, लाइन दोन. मग ती बोटाने पुन्हा पुन्हा पुसत राहिला. मी म्हटलं, बोला, संध्याकाळ होईल.
म्हणाला, लाइन दोनवर भिंतींची मापं आयरीन टाकायची. एकोणीस वर्षांची होती. आम्हा पोरांना अपूर्णांक येत नव्हते, म्हणून ती प्रत्येक फासळीवर आकडा लिहून द्यायची आणि म्हणायची, गाढवांनो, एवढं तरी वाचा. हा तिच्या हातचा आहे, डोलोरेसबाई. तुम्हाला माहीत असेलच.
असेलच, म्हटलं.
त्याने विचारलं, लाकडांवर आतून पेन्सिल होती का?
नव्हती, म्हणून सांगितलं.
१९७७ साली हा ट्रेलर विकत घेताना आयरीन कपाटात डोकं घालून आत बघत होती. मग भिंतीवर हात ठेवून काहीतरी सांगत होती मला. मी गाडीचे कागद तपासत होते. कागद बरोबर होते.

१९ मे, सोमवार
डेपोच्या बाजूला दुसरं काम होतं, म्हणून गेले. तिथल्या माणसाने विचारलं, काय हरवलंय, मॅडम? म्हटलं, काही नाही, थोडं लाकूड. कधी टाकलंत? बारा एप्रिल. तो हसला. उद्धटपणे नव्हे. म्हणाला, त्याच्यावर आता कचऱ्याचे चार मजले चढलेत.
दुसरं काम राहून गेलं.

१ जून, रविवार
दोन्ही भिंती पाडल्या. व्हर्जिल म्हणतो, नमुना नसेल तर पहिल्यापासून आखावं लागेल, हिवाळा जाईल. हिवाळ्यापर्यंत मुदत नाही.
केसलरचा पुन्हा फोन, मशीनवर. तीनदा मिस गोर्स्की म्हणाला आणि ठेवला. लेखी काही नाही. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, लेखी हरकत आली नाही म्हणजे अर्ज मंजूर.

१४ जून, शनिवार
नियम चार पुन्हा वाचला. उभी राहूनच वाचला. चाकं लिहिली आहेत. नंबरप्लेट लिहिली आहे. मालकाची सही लिहिली आहे. भिंतींबद्दल एक शब्द नाही. छपराबद्दलही नाही.
नवे टायर बसवले. जमिनीला तेलपाणी. दार आडवं बांधलं, चुला बांधला, दोन घडीच्या खुर्च्या बांधल्या. दोन कशाला? जोडीच आहे ती.

२४ जून, मंगळवार
व्हर्जिल आपल्या ट्रकने ओढून न्यायला तयार. विचारतो, डोलोरेसबाई, तुम्हाला तर तिथले डास सहन होत नाहीत, मग हा अट्टहास कशाला? म्हटलं, तत्त्व. तो म्हणाला, बरं. मेनोनाइट बरं म्हणतात तेव्हा वाद घालायला काही उरत नाही, फार चीड येते.

३० जून, सोमवार
११:४० ला पोचलो. मुदतीच्या आत.
महामार्गावर लोक गाड्या हळू करून बघत होते. उघडी जमीन, त्यावर चुला, खुर्च्या आणि कुलूप लावलेलं दार. एका मुलाने हात केला. मी केला नाही.
केसलर ऑफिसातून धावत आला. चाळिशीचा झालाय, तरी मला बघून अजून दहा वर्षांच्या मुलासारखी चड्डी सावरतो. म्हणाला, मिस गोर्स्की, ट्रेलर कुठाय? म्हटलं, हा. म्हणाला, बाकीचा? मी नियम चार वाचून दाखवला, मोठ्याने. त्याने सगळा ऐकला. मग म्हणाला, पण सतरा नंबर जानेवारीतच सोडलाय. दिलासुद्धा दुसऱ्यांना. तुम्ही फोन घेतला नाहीत.
कोणी सोडला, मी विचारलं. माझ्या सहीशिवाय? कागद दाखवा.
कागद होता. जागा आयरीनच्या नावावर होती. हे मला माहीत होतं. लक्षात नव्हतं.
ऑफिसात उभ्यानेच वाचला. ९ जानेवारी. जागा नंबर १७ सोडत आहे. सातला आडवी रेघ. पुढे लिहिलंय: माझ्या बहिणीला तळं कधी आवडलं नाही, ती एकतीस वर्षं माझ्यासाठी येत राहिली. माझ्यामागे तिला नियम म्हणून यावं लागू नये. तिला कळवू नका, ती भांडायला येईल. आलीच तर तिला कॉफी द्या, साखर न घालता, आणि तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. मधे बोलू नका.
केसलरने खरंच कॉफी आणली. मधे बोलला नाही. पण माझ्याकडे म्हणणं नव्हतं.
सतरा नंबरवर एका जोडप्याचा भला मोठा नवा ट्रेलर आहे. शेकोटीच्या दगडांचा गोल आयरीनने रचलेला, तोच. त्यांनी बदललेला नाही. मी विचारलं, जरा बसू का? ती बाई म्हणाली, बसा ना, मावशी. व्हर्जिलने खुर्च्या सोडून आणल्या, दोन्ही. एकीवर मी. दुसरीवर बसू का असं त्याने विचारलं नाही आणि बसलाही नाही. पाण्याकडे तोंड करून तासभर होतो.
केसलरकडे पत्र मागितलं. म्हणाला, ऑफिसची फाइल आहे. मग माझ्याकडे बघून दिलं.

१ जुलै, मंगळवार
ट्रेलर गॅरेजमागे, जागेवर. दार पुन्हा गॅरेजात. चौकशी करायची: हिवाळ्यात व्हर्जिलला वेळ असेल का.
आयरीनचं पत्र टाकून दिलेलं नाही.
तीन ठिकाणी डास चावला आहे. दोन मनगटावर, एक मानेवर. सकाळपासून खाज येते आहे. मलम कपाटात आहे. लावलेलं नाही.